भुताची विनोदी कविता : वरच्या वर्गांसाठी एक पद्यपाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी. विषय : मराठी. अवधी : दोन तास)

१. प्रास्ताविक

श्रावणातील दुपार असावी, आभाळ भरून आलेले असावे आणि शाळा सुटावयास पंधरा-वीस मिनिटे उरलेली असावीत. अशा वेळी पाचवी-सहावीच्या वर्गातून एक मागणी हमखास येते : "गुरुजी, भुताची गोष्ट सांगा!" ही मागणी ज्याच्या कानी आली नाही असा शिक्षक आपल्या जिल्ह्यात क्वचितच सापडेल. तिला आपण बहुधा दोन प्रकारची उत्तरे देतो. कोणी "भूतबीत काही नसते, पाढे म्हणा" असे सांगून विषय तेथेच मिटवितात. कोणी आवाज खोल करून गोष्ट सांगतात; मुले एकमेकांना बिलगतात आणि तेवढ्यात घंटा होते. पहिल्या उत्तराने मुलाची भीती जात नाही, ती केवळ गुरुजींपासून लपते. दुसऱ्या उत्तराने ती वाढते आणि मुलाबरोबर घरी जाते.

या दोहोंहून निराळा असा तिसरा मार्ग प्रस्तुत लेखात सुचवावयाचा आहे. तो म्हणजे भुताच्या विनोदी कवितेचा. दहा ते तेरा वर्षांच्या मुलाला भय हवे असते. परंतु ते आपल्या मुठीत मावेल एवढेच हवे असते. कवितेला ठेका असतो, यमक असते, ठरलेली लांबी असते. पुढल्या ओळीला यमक जुळणार हे मुलाला ठाऊक असते. त्यामुळे पुढे काय घडणार याची धास्ती असूनही त्याचा पाय जमिनीवर राहतो. त्यात विनोदाची भर पडली म्हणजे ज्या वस्तूला आपण भितो तिच्याकडे सरळ पाहण्याचे धैर्य येते. भाषेच्या दृष्टीनेही हा पाठ फलदायी आहे. एरवी कविता म्हणताना तोंडातल्या तोंडात पुटपुटणारी मुले भुताचे बोलणे मात्र खणखणीत आवाजात म्हणतात.

तथापि हा पाठ घेताना शिक्षकाने एक प्रश्न अखेरपर्यंत डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे : वर्ग हसतो आहे तो कोणाला? भुताला, की एखाद्या माणसाला? हा प्रश्न का महत्त्वाचा आहे, ते पुढे ओघाने येईल.

२. मुलांचे पूर्वज्ञान

या विषयात मुलांचे पूर्वज्ञान शिक्षकापेक्षा बहुधा अधिकच असते. मुंजा पिंपळावर राहतो. वेताळ हा भुतांचा राजा आणि अवसेच्या रात्री त्याची पालखी निघते. हडळीची पावले उलटी असतात. समंध आपल्या धनावर बसून राहतो. चकवा वाटसरूला रात्रभर एकाच शेताभोवती फिरवितो. ही सर्व माहिती मुलांना आजीआजोबांकडून, गुराख्यांकडून आणि थोरल्या भावंडांकडून मिळालेली असते. शिक्षकाने हे ध्यानात घ्यावे की प्रत्येक भुताला आपला एक ठरलेला स्वभाव आणि ठरलेला नियम आहे. विनोदी कवितेचे बीज नेमके येथेच सापडते. नियम उलटा केला की हसू येते. मुंजाला पिंपळाची पाने झाडण्याचा कंटाळा आला तर? वेताळाच्या पालखीला भोई मिळेनात तर? चकवा स्वतःच वाट चुकला तर?

पवनीसारख्या प्राचीन गावी आणि त्याच्या परिसरात तर मुलांच्या कल्पनेला खाद्य भरपूर आहे. गावाभोवतीचा मातीचा जुना परकोट, त्याला लागून असलेला खंदक, वैनगंगेचे घाट आणि ठिकठिकाणची जुनी देवळे मुले रोज पाहतात. पडक्या आणि जुन्या जागेविषयी मनात दोन प्रश्न उठतात. "तेथे कोण राहते?" हा पहिला; त्यातून भीती जन्मते. "तेथे कोण राहत होते?" हा दुसरा; त्यातून इतिहास जन्मतो. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी डॉ. शां. भा. देव व श्री. जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन केले, ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच. तेथे प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. त्यांतील एका शिल्पात मुचलिंद नाग आहे. वादळी पावसात भगवान बुद्धांवर फणा धरून त्यांचे रक्षण करणारा हा नागराजा. फणा उभारलेला नाग पाहून कोणीही दचकेल. पण येथे तोच रक्षणकर्ता आहे. भयंकर दिसणारी आकृती मायाळू असू शकते, ही कल्पना आपल्या या गावाला नवी नाही, हे मुलांना अवश्य सांगावे.

३. भयाला हसण्याची आपली परंपरा

"शाळेत भुताची कविता कशासाठी?" असा प्रश्न एखादा पालक विचारील. त्याला उत्तर देता यावे म्हणून ही परंपरा शिक्षकाला माहीत असणे इष्ट आहे.

संत एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली, तेव्हा भूत, विंचू, जोगवा असे लोकांच्या ओळखीचे विषय घेतले आणि त्यांतून परमार्थ सांगितला. ऐकणारा प्रथम दचकतो, मग हसतो आणि शेवटी विचार करू लागतो. भारुडाची पायरी ही अशी आहे. विदर्भाचेच सुपुत्र संत गाडगे महाराज (१८७६-१९५६) यांनी आपल्या कीर्तनांत श्रोत्यांना साधे प्रश्न विचारून, त्यांच्याकडूनच उत्तरे वदवून, अंधश्रद्धेचा फोलपणा दाखविला. त्यांच्या कीर्तनात हशा पिकत असे. परंतु त्या हशाने कोणाचा अवमान होत नसे, श्रोता आपल्याच समजुतीला हसत असे.

पूर्व विदर्भातील मारबतीची प्रथा तर मुलांच्या चांगल्याच परिचयाची आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावोगावची मुले घरातील रोगराई, डास, ढेकूण, खोकला या सर्वांना मारबतीने घेऊन जावे म्हणून आरोळ्या ठोकतात. नागपुरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काळी आणि पिवळी मारबत वाजतगाजत निघते. तिच्यासोबत निघणारे बडगे हे चालू काळातील अपप्रवृत्तींची थट्टा करतात. भीतीदायक पुतळा आणि मनमोकळे हसू यांची जोड आपल्या मुलांनी रस्त्यावर अनुभवलेली आहे. तीच जोड आपण वर्गात आणावयाची आहे.

आधुनिक मराठी बालकवितेत या दिशेने ठळक पाऊल टाकले ते कविवर्य विंदा करंदीकर यांनी. 'राणीची बाग' (१९६१), 'एटू लोकांचा देश' (१९६३) अशा पुस्तकांतून मुलांना अद्भुताची आणि विसंगतीची गोडी लावणाऱ्या या कवीने १९८१ साली 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' हा संग्रह मुलांच्या हाती दिला. नुसते नावच पाहावे. 'भुतावळ' हा शब्द भीतीचा; पण तिच्या अलीकडे 'मावशी' उभी आहे. जिला मावशी म्हटले तिला भ्यावयाचे किती? नाते जोडल्याने भय घरचे होते, हे मर्म त्या एका शब्दात आहे. ज्ञानपीठ पुरस्काराचा मान मिळालेल्या कवीला हा विषय हलका वाटला नाही, एवढे सांगितले तरी शंका घेणाऱ्याचे समाधान व्हावे. शाळेच्या ग्रंथालयात हे पुस्तक असल्यास या पाठानंतर ते मुलांना वाचावयास द्यावे.

बंगालमध्येही हीच वाट आढळते. सुकुमार राय यांचा 'आबोल ताबोल' हा विक्षिप्त प्राण्यांनी गजबजलेला विनोदी कवितासंग्रह १९२३ साली, त्यांच्या निधनानंतर काही दिवसांतच प्रसिद्ध झाला. त्यांचे वडील उपेंद्रकिशोर यांच्या कथेवरून सुकुमारांचे पुत्र सत्यजित राय यांनी १९६९ साली 'गुपी गाइन बाघा बाइन' हा चित्रपट काढला. त्यातील भुतांचा राजा दोघा गरीब गायक-वादकांना वर देतो. एका घराच्या तीन पिढ्यांनी मुलांना भयासह हसविण्याचे काम निष्ठेने केले.

४. एक चूक आणि तिची शिकवण

आता मघाच्या प्रश्नाकडे वळू. प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षांपूर्वी एका खेड्यातील शाळेत हडळीवरील एक विनोदी कविता साभिनय म्हणून दाखविली. डोक्यावरून शाल घेतली, पाठीला बाक आणला, केस पांढरे आहेत असा हावभाव केला आणि घोगरा आवाज काढला. वर्ग खदखदून हसला. पाठ यशस्वी झाला असे वाटले.

मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर बोरे-चिंचा विकणाऱ्या एका वृद्ध बाईंभोवती मुलांनी कडे केले आणि "हडळ, हडळ" म्हणून ओरडा सुरू केला. त्या बाईंची नात सहावीत होती. ती पुढे तीन दिवस शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. रागावतील अशी अपेक्षा होती, पण त्या एवढेच म्हणाल्या, "पोरं त पोरंच होत, गुरुजी. पन पोराईचा शब्द मोठे आयकतेत." त्या एकट्या नातीसह राहत होत्या. शब्द मोठ्यांच्या कानी गेला तर काय होऊ शकते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. मी त्यांची क्षमा मागितली आणि दुसऱ्या दिवशी वर्गासमोर चूक माझी होती असे सांगितले. मुले चुकली नव्हती. भुताला मी माणसाचे रूप दिले होते, ते त्यांनी ओळखले होते इतकेच.

ही भीती पोकळ नव्हे. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांना बांधून मारहाण झाली. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालापासून आहे. त्यासाठी दीर्घकाळ झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पुण्यात हत्या झाली. कायदा आपले काम करील. परंतु 'करणी करणारी म्हातारी' हे चित्र मुलाच्या मनात बसण्यापूर्वीच पुसण्याचे काम प्राथमिक शाळेवाचून दुसरे कोणी करू शकत नाही.

यावरून या पाठाचा पहिला नियम निघतो : कवितेतील भुताला गावातील कोणत्याही माणसाचे रूप, वय, वेष, व्यंग वा व्यवसाय देऊ नये. हडळीच्या बाबतीत आणखी एक विचार करावा. बाळंतपणात मरण पावलेली स्त्री हडळ होते असा एक लोकसमज आहे. आपल्या वर्गात अशा मातेचे लेकरू बसलेले असू शकते. तसेच काही भुतांच्या नावांना जातीधर्माच्या समजुती चिकटलेल्या आहेत. अशी भुते वर्गाबाहेरच ठेवावीत. चकवा, वेताळ, बागुलबुवा आपल्या कामाला पुरेसे आहेत.

५. नमुना कविता

पुढील कविता या पाठासाठीच रचिली आहे. ती फळ्यावर लिहून घ्यावी.

चकवा चुकला

अवसेच्या काळ्या राती
धुऱ्यावर कोण रडे?
वाट चुकला चकवा,
"जाऊ," म्हणे, "कोणीकडे?

सात पिढ्या चकविली
आम्ही गावाची माणसे;
आज माझ्याच पायांनी
मज फसविले कसे!"

तीन वेळा तीच बोडी,
तोच मोह तीन वेळा;
घुबड म्हणे, "काकाजी,
सुटली का रात्रशाळा?"

कंदील घेऊन आली
सातवीतली शेवंता;
म्हणे, "ध्रुव दिसतो ना?
मग कशाची हो चिंता?"

चकव्याने मान वर
केली, टोपी पडे खाली!
"सात पिढ्यांत आमच्या
शाळा कुणी न पाहिली!"

सकाळी हजेरी घेता
थांबले गुरुजी जरा;
मागच्या बाकावरून
"हजर!" बोलला वारा.

६. पाठाच्या पायऱ्या

पहिला तास

(अ) पूर्वज्ञान-जागृती (५ मिनिटे). शिक्षकाने "भुते असतात काय?" असा प्रश्न आरंभी विचारू नये. त्याने वर्गाचे दोन तट पडतात आणि कविता बाजूस राहते. त्याऐवजी विचारावे : "रात्री शेतातून येताना वाट चुकल्याचे कोणाच्या घरी घडले आहे काय? तेव्हा मोठी माणसे काय म्हणाली?" चकव्याचे नाव मुलांकडूनच येईल.

(आ) हेतुकथन. "आज आपण वाट चुकविणाऱ्याचीच वाट चुकली तर काय होते ते पाहू."

(इ) आदर्श वाचन. शिक्षकाने कविता दोनदा म्हणावी. पहिल्या वेळी साध्या लयीत. दुसऱ्या वेळी चकव्याचे बोलणे रडवेल्या, घुबडाचे गंभीर आणि शेवंताचे स्वच्छ, निर्भय आवाजात. खिडक्या लावून अंधार करणे, मागून येऊन दचकविणे असे प्रकार करू नयेत. शेवटच्या कडव्यात "जरा" या शब्दानंतर क्षणभर थांबावे. एवढा विराम पुरेसा आहे. भय त्या विरामातच असते.

(ई) अर्थग्रहण. पुढील प्रश्न विचारावेत.
१) चकवा कोठे रडत बसला होता? 'धुरा' म्हणजे काय? (शेताचा बांध, हे मुले तत्काळ सांगतील. आपल्या घरचा शब्द कवितेत पाहून त्यांना आनंद होतो.)
२) तीच बोडी आणि तोच मोह तीनदा का दिसला?
३) घुबडाने 'रात्रशाळा' हा शब्द का वापरला असावा?
४) शेवंता का भ्याली नाही?
५) शेवटी "हजर" कोण म्हणाले?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने देऊ नये. काही मुले 'वारा' म्हणतील, काही 'चकवा' म्हणतील. दोन्ही उत्तरांना कवितेत आधार आहे. "असे तुला कशावरून वाटते?" एवढेच विचारावे. कविता वाचणे म्हणजे ओळींत आधार शोधणे, हा रसग्रहणाचा पहिला धडा येथे आपोआप मिळतो.

(उ) छंदाची ओळख. प्रत्येक ओळीत आठ अक्षरे आहेत. बोटांवर मोजून घ्यावीत : अ-व-से-च्या-का-ळ्या-रा-ती. जोडाक्षर एकच अक्षर धरावयाचे, हे सांगावे. मग वर्गाला कोडे घालावे : "आता कंदील कोण वापरतो? त्या जागी मोबाईल घालू या." मुले म्हणून पाहतील आणि ओळ अडखळेल, कारण 'मोबाईल' या शब्दात चार अक्षरे आहेत आणि ओळीत नऊ होतात. 'विजेरी' शब्द घातला की ओळ पुन्हा सुरळीत चालते. छंदाचा नियम पाठ करून घेण्यापेक्षा तो असा मोडून आणि जोडून दाखविल्याने पक्का बसतो.

दुसरा तास

(अ) सामूहिक वाचन. वर्गाचे तीन गट पाडावेत : निवेदन, चकवा आणि घुबड-शेवंता. आपल्या झाडीपट्टीतील मुलांनी दंडार आणि रात्रीची नाटके पाहिलेली असतात. संवाद उचलून धरण्याची रीत त्यांना शिकवावी लागत नाही. अबोल मुलाला शेवटचा एकच शब्द, "हजर!", द्यावा. तो शब्द त्याच्या तोंडून ऐकण्यासाठी सारा वर्ग कान टवकारतो. त्या मुलाच्या दृष्टीने हा क्षण मोठा असतो.

(आ) मैदानावरील प्रयोग. चकव्याचे रहस्य मुलांनाच शोधू द्यावे. मैदान मोकळे व सपाट असावे. एका मुलाच्या डोळ्यांवर स्वच्छ रुमाल बांधून त्याला समोर सरळ चालावयास सांगावे. बाजूला एक सोबती सावरावयास असावा. बहुतेक मुले काही अंतरानंतर एका बाजूस वळू लागतात. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांना दाट जंगलात आणि वाळवंटात चालविले होते. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती माणसे सरळ चालली. आभाळ झाकोळले वा चंद्र दिसेनासा झाला की नकळत वळत वळत, कित्येकदा वर्तुळात फिरून, आपल्याच वाटेवर परत आली. म्हणजे बाहेरची खूण नाहीशी झाली की पायांचा अंदाज थोडाथोडा चुकतो आणि ती चूक साठत जाते. "माझ्याच पायांनी मज फसविले" ही चकव्याची तक्रार अक्षरशः खरी आहे! आजोबा एकाच शेताभोवती रात्रभर फिरले ही गोष्ट खोटी ठरविण्याचे कारण नाही. अनुभव खरा; त्याचे कारण मात्र निराळे. घरच्या वडीलधाऱ्यांना खोटे न ठरविता मुलाला कारणमीमांसा देता येते, हा या प्रयोगाचा मोठा लाभ आहे.

(इ) भूगोलाशी सांगड. पवनी सुमारे २१ उत्तर अक्षांशावर आहे; म्हणून येथे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे २१ अंश उंचीवर दिसतो. हात लांब करून वीत पसरली असता ती साधारण २० अंश झाकते. तेव्हा क्षितिजापासून एक वीत वर पाहावे. एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, "गुरुजी, तारा इतका खाली आहे, तर चकव्याची टोपी पडली कशी?" त्याला शाबासकी द्यावी आणि कवीच्या वतीने चूक कबूल करावी, अथवा चकवा घाबरून भलतीकडेच पाहत होता, असे वर्गाने सुचविल्यास तेही मान्य करावे.

७. मुलांची स्वतःची रचना

कविता समजली याची खरी खूण म्हणजे मुलाला स्वतः ओळ जुळविण्याची इच्छा होणे. पहिली ओळ शिक्षकाने द्यावी :
पिंपळावरचा मुंजा
वेताळाच्या पालखीला
बागुलबुवा एकदा

पुढील तीन ओळी मुलांनी दोघादोघांच्या जोडीने कराव्यात. नमुन्यादाखल एक कडवे :

पिंपळावरचा मुंजा
पाढे म्हणतो उलटे;
बोटे मोजता मोजता
एक बोट कमी भेटे!

ज्या मुलाला सुचत नाही त्याला तीन प्रश्नांची वाट दाखवावी : हे भूत नेहमी काय करते? आज त्याची कोणती फजिती झाली? त्याला कोणी मदत केली? तिसरा प्रश्न वगळू नये. भुताला मदत करणारे मूल स्वतःला भुताहून मोठे समजू लागते आणि त्याची भीती तेथे कमी होते. एखादे अक्षर कमीअधिक झाल्यास प्रथम हसू आले की नाही ते पाहावे. अक्षरे मागाहून सुधारावीत. घरच्या बोलीतील शब्द खोडू नयेत. 'बांधी', 'बोडी', 'धुरा' हे शब्द ज्या शेतात जन्मले तेथलेच हे चकवे आहेत.

८. दक्षता

१) भुताची भीती कमी करताना खऱ्या संकटाविषयीची सावधगिरी कमी होऊ देऊ नये. पवनी परिसराला लागून अभयारण्य आहे. वाघ आणि रानडुक्कर कल्पित नाहीत. कठडा नसलेली विहीर, नदीचा खोल डोह आणि धानाच्या बांधीतील साप हेही खरेच आहेत. फळ्यावर दोन रकाने करावेत : 'हसण्याचे भय' आणि 'जपण्याचे भय'. प्रत्येक गोष्ट कोणत्या रकान्यात जाते ते मुलांनी ठरवावे.

२) साप वा विंचू चावल्यास मांत्रिकाकडे न जाता तत्काळ दवाखाना, ही गोष्ट याच वेळी ठसवावी. अशा प्रसंगी औषधोपचारापासून परावृत्त करून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे.

३) ज्या मुलाच्या घरी नुकताच मृत्यू झाला असेल त्याच्या वर्गात हा पाठ काही आठवडे पुढे ढकलावा.

४) कोणत्याही देवस्थानाची वा श्रद्धास्थानाची थट्टा होऊ नये. आपला विषय भूत आहे.

५) पाठानंतर एखादे मूल एकटे घरी जाण्यास कचरत असल्यास त्याला हसू नये, इतरांनाही हसू देऊ नये. सोबत द्यावी आणि दुसऱ्या दिवशी कवितेतील शेवंताचा भाग त्याला म्हणावयास द्यावा.

६) मधल्या सुट्टीत शिक्षकाने स्वतः फाटकापाशी उभे राहावे. आपण सकाळी पेरलेला शब्द मुले कोठे नेत आहेत हे तेथे कळते.

९. मूल्यमापन व समारोप

या पाठाचे मूल्यमापन गुणांनी करण्यापेक्षा निरीक्षणाने करावे. मूल कविता स्पष्ट उच्चारांत म्हणते काय? शेवटच्या कडव्याविषयीचे आपले मत ओळींचा आधार देऊन सांगते काय? आठ अक्षरांची निदान दोन ओळींची रचना करते काय? चकवा का लागतो हे घरी समजावून सांगू शकते काय? आणि अखेरीस, ज्यास हसावयाचे नाही त्यास न हसण्याचा विवेक त्याच्यात आला आहे काय? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे वर्गात मिळतील. पाचव्याचे उत्तर वर्गाबाहेर, गावाच्या रस्त्यावर मिळेल.

वर उल्लेखिलेल्या त्या सहावीतील मुलीने पुढे वर्गात एक कडवे रचले होते. त्यात वेताळ बोरे विकत घ्यावयास येतो आणि पैसे विसरतो. आजी त्याला उधार देते. कडव्यात एका ओळीत नऊ अक्षरे झाली होती. ती मी तशीच राहू दिली.

शिक्षकबंधुभगिनींनी आपापल्या शाळेत हा पाठ घेऊन पाहावा आणि मुलांच्या निवडक रचना केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत सोबत आणाव्यात. एका शाळेचा चकवा दुसऱ्या शाळेतील मुलांनी वाचला, तर तो आणखी थोडा ओळखीचा होईल.